लहम बकर म्हणजे बकरा नव्हे

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर २२ वर पासपोर्ट सेवा केंद्र आहे. सकाळच्या वेळी त्याच्या आसपास कुठेही कटिंग घेत उभे राहा. फायली छातीशी धरून आलेल्या लोकांच्या बोलण्यात दुबई, दोहा आणि मस्कत ही नावं हटकून येतात. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाची लेक तिकडे बाळंत व्हायची असते आणि आईला जायचं असतं, तर कुणाला कंपनी मशीन बसवायला पाठवणार असते. मी या तिसऱ्या गटातला. इस्टेटीतून माल आखातात गेला की त्याच्यामागे दहा-पंधरा दिवसांसाठी आमच्यासारख्या एक-दोघांची रवानगी होते. मी ओमानमध्ये एकदा सोहारला आणि नंतर दोनदा मस्कतला जाऊन आलो. तेव्हापासून जाणारा प्रत्येकजण मला एकच गोष्ट विचारतो: तिकडचं जेवण झेपेल का?

झेपतं, अगदी सहज झेपतं. मुंबईहून मस्कत विमानाने अडीच-तीन तासांवर आहे आणि दोन्हीकडचं व्यापाराचं येणंजाणं शतकानुशतकांचं. त्यामुळे ताटात तांदूळ बासमती, मसाल्यात वेलची, लवंग, दालचिनी, जिरं, हळद. मिरचीचा हात मात्र बेताचा. अडचण येते ती वेगळीच. सगळं इतकं ओळखीचं वाटतं की आपण विचारायचं सोडून देतो आणि नेमके तिथेच फसतो.

पहिली गोष्ट मी जाणाऱ्याला कागदावर लिहूनच देतो. अरबीत 'लहम' म्हणजे मांस आणि 'बकर' म्हणजे गाय-बैल. मेनूकार्डावर किंवा वेटरच्या तोंडी 'लहम बकर' आलं, की ते बीफ. आपल्या कानाला त्यात बकराच ऐकू येतो. आमच्याबरोबरच्या एका मालवणी गृहस्थांनी पहिल्याच रात्री मोठ्या खुशीत तेच मागवलं होतं. वेटर केरळचा होता, त्याने यांच्या कपाळावरचं गंध बघून "बीफ चलेगा ना?" असं विचारलं म्हणून निभावलं. शेळीमेंढीच्या मटणाला 'लहम गनम' म्हणतात. कोंबडी म्हणजे 'दजाज', मासा म्हणजे 'समक' आणि 'जमल' म्हणजे उंट. तोही मेनूवर असतो. नुसतं 'लहम' लिहिलं असेल तर कशाचं ते विचारायचं. लाजायचं कारण नाही. वाढणारे बहुधा केरळचे नाहीतर बांगलादेशचे असतात आणि पुष्कळ ओमानी माणसांनाही हिंदी बऱ्यापैकी कळतं.

आता कुठे जायचं ते. मस्कतमध्ये रुवी भागात उतरलात तर भारतीय हॉटेलांची रांग लागलेली दिसेल. पहिले चार दिवस मीही तिथल्या इडली-डोशावर काढले. ओमानी पद्धतीचं जेवायचं तर अल खुवैरमधलं 'बिन अतीक' हे नाव जुनं आणि माहितीतलं. तिथे छोट्या-छोट्या वेगळ्या खोल्यांत जमिनीवर बसून जेवता येतं. मत्राहच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, मासळी बाजाराजवळ, 'बैत अल लुबान' आहे. त्याचा दर वरचा, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला पदार्थ समजावून सांगतात. 'रोझना' ही किल्ल्यासारखी बांधलेली वास्तू, सहकुटुंब जायला बरी. टेबल-खुर्चीची सोय बहुतेक ठिकाणी असते, तेव्हा ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी जागा सांगतानाच टेबल मागून घ्यावं. आमच्या एका साहेबांना मांडी घालून बसता आलं, उठता मात्र आलं नाही.

वेळेचंही पाहा. तिकडची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, त्यामुळे गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी गर्दी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरंच काही बंद असतं, दोननंतर निघावं. रमजानात दिवसा उघड्यावर खाणंपिणं कायद्यानेच मना आहे, अगदी पाण्याचा घोटसुद्धा, आणि ते परधर्मीयांनाही लागू आहे. पारंपरिक ओमानी हॉटेलात दारू मिळत नाही, तेव्हा मागून कुणाला अवघडात टाकू नये. कपडे साधे, खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत. बायकांनी एकट्याने किंवा दोघीतिघींनी जायला काहीच हरकत नसते, पडद्याच्या खोल्या असतात त्या कुटुंबांना निवांत बसता यावं म्हणूनच. जमिनीवर बसायचं तर चपला-बूट बाहेर. साइटवरून थेट सेफ्टी शूजमध्ये जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मोजे बदलून जा. बसल्यावर पायाचे तळवे कुणाच्या तोंडासमोर येऊ देऊ नका. हे आपल्याकडेही शिकवलेलं असतंच.

मागवताना आपण माणशी एक प्लेट मोजतो. तिथे तसं करू नका. भाताची एक थाळी दोघांना पुरून उरते. चौघे असाल तर दोन भाताच्या थाळ्या, एक मासा आणि सोबत काहीतरी पातळ, एवढ्यावर थांबा.

भाताचे प्रकार दोन-तीन दिसतील. 'काबुली' म्हणजे मांसाच्या पाण्यात खड्या मसाल्यासकट शिजवलेला भात, वर मांसाचे तुकडे, कधी काबुली चणे, कधी मनुका. 'मजबूस' त्याच्याच जवळचा. दिसायला दोन्ही बिर्याणीच्या घरातले, म्हणून आपण पहिला घास बिर्याणीच्या अपेक्षेने घेतो आणि "फिकं आहे" म्हणून मोकळे होतो. चार घास थांबावं. मसाला इथे वासापुरता असतो, चव मांसाच्या पाण्याची असते. सोबत टोमॅटो-लसणाची पातळ चटणी येते, ती अंदाजाने घालून घ्यायची. भातात एखादा काळपट वाळका गोळा सापडेल. तो वाळवलेला लिंबू, 'लूमी'. मसालेभातातली लवंग बाजूला काढतो तसा तो बाजूला काढा. मी कुतूहलाने चावला होता, कडूपणा रात्रीपर्यंत जिभेवर होता. मुंब्रा-कौशाकडे हल्ली 'मंदी' या अरबी भाताचे बोर्ड दिसतात, तिथे जेवला असाल तर या जेवणाचा थोडा अंदाज येईल. पण मंदी मूळची येमेनच्या हद्रमौतची. तिथे जेवून ओमान कळलं असं समजू नका.

ओमानचा खरा मानाचा पदार्थ म्हणजे 'शुवा'. रायगडकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तो दोन वाक्यांत समजेल. पोपटीत आपण मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरतो, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतो, आणि तासाभरात काम होतं. शुव्याला एक-दोन दिवस लागतात. बोकडाचं किंवा मेंढ्याचं मांस मसाला, लसूण आणि व्हिनेगर चोळून मुरवायचं, केळीच्या किंवा खजुरीच्या वाळक्या पानांत गुंडाळायचं, खजुरीच्या झावळ्यांच्या विणलेल्या पिशवीत घालायचं, आणि जमिनीतल्या खोल खड्ड्यात पेटलेल्या निखाऱ्यांवर टाकून वरून झाकण आणि माती लोटायची. हे ईदेला होतं. एकाच खड्ड्यात अनेक घरांच्या पिशव्या पडतात, म्हणून प्रत्येक घर आपापल्या पिशवीला खूण बांधतं. बाहेर येतं ते मांस बोटाने सुटतं, धुराचा वास आतपर्यंत गेलेला असतो. हॉटेलातला शुवा पुष्कळदा भट्टीत किंवा ओव्हनमध्ये केलेला असतो आणि काही ठिकाणी ठरावीक दिवशीच मिळतो. जाण्याआधी फोन करून विचारा. खड्ड्यातल्या शुव्याची सर त्याला येत नाही, पण ईदेला कुणी घरी बोलावेपर्यंत तोच आपला.

माशाच्या बाबतीत ठाणेकरांना फार शिकवायला नको. चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसाला मत्राहच्या मासळी बाजारात सोडलं तर तो दुपारपर्यंत परत यायचा नाही. तिकडचा 'कनद' म्हणजे आपली सुरमई. 'मशुवाई' नावाच्या पदार्थात ती अख्खी, डोक्यासकट, सळईवर भाजून लिंबाच्या भातासोबत येते. तिखट-मीठ-कोकमाचं वाटण तिच्या अंगावर नसतं, आपल्याला ती उघडी वाटते. भाजलेल्या सुरमईची स्वतःची चव काय असते, हे मला मात्र तिथेच पहिल्यांदा कळलं. मोरी, म्हणजे शार्क, तिकडे वाळवून ठेवतात. तिला 'अवाल' म्हणतात. कांदा-लिंबू घालून तिची कोशिंबीर करतात. सुकटाची कोशिंबीर ज्यांच्या घरी होते त्यांनी ती जरूर मागवावी, इतरांनी आधी वास घेऊन पाहावा. नारळाच्या दुधातले मासे दिसले तर चकित होऊ नका. ओमानच्या सुलतानांचं राज्य आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर झांझिबारपर्यंत होतं, सय्यद सईद यांनी तर १८४० च्या सुमारास राजधानीच तिकडे हलवली होती. नारळ आणि लवंगा त्या वाटेने आल्या, आणि जुन्या ओमानी माणसांपैकी कित्येकांना आजही स्वाहिली बोलता येते.

शाकाहारी मंडळींना मात्र इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. आपण 'सादा भात' मागतो आणि पांढरा भात दिसला की निर्धास्त होतो. पण तो मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. 'हरीस' नावाचा वाडगा समोर आला तर ती हुबेहूब गव्हाची खीर वाटते, वर तूपही असतं. तो गहू मांसाबरोबर घोटून घोटून एकजीव केलेला असतो. 'अर्सिया' म्हणजे तसाच घोटलेला भात आणि मांस. एका काकूंनी हरीस पाहून "हे काय, लापशी मिळते की!" म्हणत चमचा उचलला होता, त्यांचा हात मुलाने धरला. समोशासारखा 'सांबुसा' दिसला तर आत खिमा नाही ना, हे विचारा. 'बिदून लहम', मांसाशिवाय, हे शब्द पाठ करा, आणि त्यापुढे मासा आणि कोंबडीही नको हे वेगळं सांगा. कारण नुसत्या 'लहम'मध्ये मासा येत नाही, असं स्वयंपाकघरातला माणूस अगदी प्रामाणिकपणे धरून चालतो.

मग खायचं काय? डाळीचं सूप बहुतेक ठिकाणी असतं, फक्त पाणी कशाचं ते विचारून घ्यायचं. 'दांगो' म्हणजे उकडलेले चणे, मिरची आणि लिंबू घातलेले. आपल्या उसळीचे भाऊबंद. भाज्यांचा 'सालूना' म्हणजे पातळ रस्सा. 'खुब्ज रखाल' ही तव्यावर हाताने फासून केलेली कागदासारखी पातळ, कुरकुरीत पोळी मध किंवा चीज लावून खातात आणि ती उत्तम लागते. 'लबन' म्हणजे ताक, पण दाट आणि जिरं-आलं-हिंगाशिवायचं. जे कांदा-लसूणही खात नाहीत, त्यांनी उगाच स्वतःला आणि वेटरला छळू नये. सरळ रुवीतल्या भारतीय हॉटेलात जेवावं आणि ओमानी हॉटेलात कहवा-हलव्यापुरतं बसावं. तेवढ्यासाठीही जाणं फुकट जात नाही.

आता जी गोष्ट मराठी माणसाला सगळ्यात जड जाते ती सांगतो. मोठी परात मध्ये येते आणि चार-पाच जण तिच्याभोवती बसून एकाच परातीतून हाताने जेवतात. उजव्या हाताने जेवणं, मांडी घालून बसणं, हे आपल्या पंगतीचंच. पण पंगतीत प्रत्येकाचं पान वेगळं असतं, आणि उष्ट्याची जी आठवण आपल्या हाडात आहे ती तिथे जागी होते. हॉटेलात यावर सोपा उपाय आहे: वेगळ्या प्लेटा आणि वाढायला चमचा मागा. कुणालाही वाईट वाटत नाही. ओमानी माणसाबरोबर असाल आणि परातीतच जेवायचं ठरवलं, तर एक नियम सांभाळला की पुरतं. आपल्या समोरचा भाग आपला, पलीकडे हात न्यायचा नाही. मधलं चांगलं मांस स्वतः उचलू नका, यजमान तोडून तुमच्या बाजूला सारतो. डावखुऱ्यांनी डावा हात मांडीवर ठेवावा आणि चमचा मागून घ्यावा. कोरडा, मोकळा भात वरणाशिवाय हाताने वळणं आपल्याला वाटतं तितकं सोपं नाही. माझा निम्मा भात पहिल्या दिवशी सतरंजीवर होता.

पानात काही टाकू नये, या संस्काराचंही तिथे उलटंच होतं. यजमानाच्या समोर तुम्ही आपली बाजू चाटूनपुसून लख्ख केलीत, तर तो पाहुणा अजून भुकेला आहे असं समजून पुन्हा वाढतो. थोडा भात राहू द्यावा. हॉटेलात मात्र उरलेलं खुशाल बांधून मागा.

कहव्याची रीत जाण्याआधीच शिकून घ्या. बिनदुधाची, वेलची घातलेली कॉफी, लांब चोचीच्या 'दल्ला' नावाच्या भांड्यातून बिनकानाच्या इवल्या पेल्यात, निम्म्याहून कमी ओततात. सोबत खजूर. पहिला पेला नाकारायचा नाही. आपली सवय अशी, की "नको, नको" म्हणायचं आणि समोरच्याने आग्रह केला की घ्यायचं. तिथे पहिलं "नको" खरं धरलं जातं आणि ते लागतं. उजव्या हाताने घ्या, प्या. रिकामा पेला नुसता पुढे केला तर तो पुन्हा भरला जातो. पानावर हात आडवा धरण्याची खूण इथे कुणाला कळत नाही. पुरे झालं की पेला दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवायचा आणि परत द्यायचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी सात पेले प्यालो आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत पडलो.

कहव्याबरोबर हलवा येतो, आणि घरी गेलात तर तो पुष्कळदा जेवणाच्या आधीच येतो. आपण शेवटच्या गोडासाठी जागा ठेवून बसतो, ते इथे कामाचं नाही. ओमानी हलवा स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलची आणि गुलाबपाणी घालून तांब्याच्या मोठ्या भांड्यात तासन्‌तास घोटतात. गुलाबपाणी मानाचं ते जबल अखदर डोंगरावरचं. आपल्या मिठाईच्या दुकानातल्या कराची हलव्याचा तो नातेवाईक, पण मऊ. सुरीने कापायचा नाही, चमच्याने किंवा बोटांनी चिमूटभर घ्यायचा. शाकाहाऱ्यांना चालतो. फ्रीजशिवाय बरेच दिवस टिकत असल्यामुळे घरी आणायलाही सोयीचा.

खजुराविषयी एक गोष्ट तिथे गेल्यावर कळली. 'मबसली' जातीचा खजूर पिवळा असतानाच उतरवून मोठ्या कढयांतून उकळतात आणि उन्हात वाळवतात. या कामाला 'तबसील' म्हणतात. तो माल पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः भारतात येत आला आहे. म्हणजे ओटीतली खारीक, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातली खारीक. ठाण्याच्या बाजारातून आई आणायची ती कुठल्या गावची, हे विचारायचं मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

बिलाकडे या. ओमानी रियालचे हजार भाग होतात आणि त्या भागाला 'बैसा' म्हणतात. हा शब्द आपल्या पैशावरूनच गेलेला. म्हणून रकमेत दशांशचिन्हानंतर तीन आकडे असतात. २.५०० म्हणजे अडीच रियाल. अडीच हजार वाचून मेनूकार्ड खाली ठेवणारे मी पाहिले आहेत. उलट चूकही होते. 'अडीचच तर आहे' म्हणून मागवत सुटलात, तर एक रियाल दोनशे रुपयांच्या वर आहे हे लक्षात असू द्या. एप्रिल २०२१ पासून ५ टक्के व्हॅट आहे. मोठ्या हॉटेलांत सेवेचे आणि इतर करही लागतात, ते किमतीत धरले आहेत का ते विचारा. टिप सक्तीची नाही. कुणी वयस्कर दुकानदार भेटला आणि तुम्ही भारतातले म्हणून रुपयाची आठवण काढू लागला, तर ती थाप नाही. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. बाकीच्यांनी एकेक करून त्या सोडल्या, ओमानात १९७० पर्यंत चालत होत्या.

आणि कुणी घरी जेवायला बोलावलंच, तर जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, मिठाईचा डबा चालतो. पुरुष आणि बायका बहुधा वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. जोडीने गेलात तर जोडीदार दोन तास दिसणार नाही, घाबरू नका. जेवण होईल, हात धुतले जातील, पुन्हा कहवा फिरेल. मग निखाऱ्यावर लोबान किंवा बखूर घातलेली छोटी धुपाटणी येईल. लोबान ओमानातल्याच धोफारचा. धूर हाताने आपल्याकडे ओढायचा, कपड्यांना घ्यायचा, धुपाटणी पुढच्याकडे द्यायची. आखातात एक म्हण आहे: धूप फिरला की बैठक संपली. आपण उठतो, दारापर्यंत येतो आणि तिथे उभं राहून अर्धा तास बोलतो, तसं तिथे करू नका. मी धुपाचा वास छान आहे म्हणत पुन्हा टेकून बसलो होतो. यजमान काही बोलला नाही. त्याने फक्त हसत हसत पुन्हा निखारे मागवले.